मिल्टनची दुनळी न्यू जर्सीला निघते

१ ऑगस्ट
कर्ट आज ओमाहाहून आला तो हातात रंगीत कागद नाचवतच. वृद्धांसाठी नवी इमारत झालीय म्हणे, नाव ‘शांत किनारा’. ओमाहात कसला आलाय किनारा, विचारलं तर म्हणाला, “आई, नाव असतं ते.” तिथे लिफ्ट आहे, बुधवारी सूप असतं आणि रोज सकाळी कुणीतरी दार वाजवून माणूस जिवंत आहे का ते बघून जातं. मी म्हटलं, “इथे ते काम कोंबड्या करतात.” तो हसला नाही.

शेवटी मी हो म्हटलं. पोराचा चेहरा बघवेना. गेल्या हिवाळ्यात मी पायरीवर घसरले, तेव्हापासून रात्री माझा फोन लागला नाही की हा तिकडे उठून बसतो. तसंही गुरं गेली, ट्रॅक्टर गेला, माझा नवरा मिल्टन गेला, त्याचे कोट चर्चला दिले. आता उरलीय ती फक्त मिल्टनची दुनळी बंदूक. ‘शांत किनाऱ्या’वर बंदूक चालत नाही आणि कर्टच्या बायकोला बंदुकीचं नाव काढलं तरी शिंका येतात. तेव्हा मी ठरवून टाकलं. दुनळीला चांगल्या माणसाचं घर मिळालं, की दुसऱ्या दिवशी मी निघाले. ऑर्फा लिंडक्विस्टने दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

कर्टने तिथल्या तिथे इंटरनेटवर जाहिरात टाकली. मी त्यात फोन नंबर घालायला लावला. आवाज ऐकल्याशिवाय मी कोंबडीसुद्धा विकत नाही.

मला काही वाटत नाहीये. घर म्हणजे काय, चार भिंती. रात्रभर जागी होते ती उकाड्याने.

८ ऑगस्ट
गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नग. एक जण म्हणाला, हायवेवरच्या पेट्रोल पंपाशी या, कागदबिगद काही नको. मी नाव विचारलं तर म्हणतो, “नावाचं काय काम?” म्हटलं, “मग बंदुकीचंही काही काम नाही.” दुसऱ्याने बदल्यात दोन शेळ्या आणि एक गळकी होडी देऊ केली. तिसऱ्याने विचारलं, बंदूक सरळ मारते का? मी म्हटलं, ती सरळच मारते हो, धरणारा वाकडा निघतो.

गावात ड्वेनचं हार्डवेअरचं दुकान आहे, बंदुका विकायचा सरकारी परवानाही त्याच्याकडेच. तो म्हणाला, “काकू, मला द्या. भिंतीवर टांगतो, चिठ्ठी लावतो, महिन्याभरात गेली समजा.” मिल्टनची दुनळी उंदराच्या सापळ्यांशेजारी टांगायची! मी खिळे घेतले आणि घरी आले. खिळे कशाला घेतले कोण जाणे.

१६ ऑगस्ट, रविवार
चर्चहून येते तो फोन वाजत होता. हॉरेस क्रॅनमर नावाचे गृहस्थ, न्यू जर्सीहून. समुद्राकाठी राहतात, लाकडाची बदकं कोरतात. खरी बदकं फसून खाली उतरावीत म्हणून पाण्यावर सोडतात ना, ती. आवाज जरा खरखरीत, पण बोलणं मऊ.

पहिला प्रश्न काय विचारला? “लिंडक्विस्टबाई, ही बंदूक कुणाच्या खांद्याला होती?”

किमतीचं नावही नाही. मी मिल्टनबद्दल सांगितलं. तो डावरा होता आणि म्हणून दस्त्यावर उजवीकडे गालाचा डाग पडलाय, तेही सांगितलं. ते म्हणाले, “मीही डावरा.” मग आम्ही किती वेळ बोललो देव जाणे, ओव्हनमधला केक करपला.

ठरलं. दुनळी क्रॅनमरसाहेबांना. संध्याकाळी कर्टला कळवलं. तो इतका खूश झाला की त्याने लगेच ‘शांत किनाऱ्या’ला फोन केला.

१९ ऑगस्ट
मला वाटलं होतं, बंदूक खोक्यात घालायची, पत्ता लिहायचा, झालं. ड्वेनने डोक्याला हात लावला. “काकू, असं केलंत तर दोघंही आत जाल! परराज्यातल्या माणसाला थेट पाठवता येत नाही. त्याच्या गावच्या परवानेवाल्या दुकानदाराकडे पाठवायची. तो त्यांची चौकशी करणार, मग त्यांच्या हातात देणार.”

“पण मी राजी, ते राजी. मध्ये हा कोण?”

“नवरा-नवरी राजी असले तरी पाद्री लागतोच ना?”

उपमा देताना या पोराला काही पाचपोच नाही. पण कायदा तो कायदा. न्यू जर्सीतल्या दुकानदाराचं नाव सॅल. ड्वेन म्हणाला, त्याच्याशी आधी फोनवर नीट बोलून घ्या, काय काय लागतं ते विचारा. मी म्हटलं, बघू.

२४ ऑगस्ट
दुनळी पोस्टात टाकली. आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळली होती. बाहेर काही लिहायचं नाही, आत बंदूक आहे हे खोक्यावरून कळता कामा नये असा नियम आहे. माझ्या ओळखपत्राची नक्कल आत घातली.

आता एक गोष्ट इथेच लिहिते, कर्टला सांगायची नाही. आमच्याकडे कुणाच्या घरी रिकामं भांडं जात नाही. कुणाला काही पाठवायचं तर सोबत घरचं काहीतरी खायला हवंच, नाहीतर माझी आई कबरीतून उठून येईल. म्हणून गोधडीच्या घडीत लोणच्यातल्या बीटाची एक बरणी सरकवली. पोस्टातल्या मुलीने विचारलं, यात काही द्रवपदार्थ? नाही म्हटलं. बीट म्हणजे बीट. पाणी त्याच्याबरोबर येतं, त्याला मी काय करू?

३१ ऑगस्ट
सॅलचा फोन. हा माणूस बोलत नाही, ओरडतो.

“मॅडम! तुम्ही कुणाला मारून पाठवलंय का?”

बरणी फुटली होती. खोकं खालून लालभडक. सॅलच्या दुकानात त्या वेळी एक पोलीस काडतुसं घ्यायला आला होता. त्याने पिस्तुलावर हात ठेवून सगळ्यांना मागे व्हायला लावलं, खोकं उघडलं आणि मग बोट चाटून जाहीर केलं, “लवंग जास्त झालीय.”

लवंग अजिबात जास्त नव्हती.

माझ्या ओळखपत्राची नक्कल विरघळून गेली. पण खरं घोडं पुढेच अडलंय. न्यू जर्सीत बंदूक घ्यायला राज्याचं एक वेगळं कार्ड लागतं. क्रॅनमरसाहेबांकडे ते आहे, पण जुन्या पत्त्याचं. बायको गेल्यावर ते मोठं घर सोडून खाडीवरच्या खोपटात राहायला गेले, आणि कार्ड जुन्याच घरात राहिलं म्हणायचं. आता नवं कार्ड, नवी चौकशी. सॅल म्हणाला, तोवर हे बीटाचं पार्सल मी सांभाळणार नाही, माशा येतायत. त्याने दुनळी पुसून परत पाठवली, ड्वेनकडे.

कर्टला कळवलं. त्याने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “आई, सॅलला आधी फोन का नाही केलास?”

लांबचे फोन महाग पडतात, म्हटलं. खरं तर आता तसं काही राहिलेलं नाही.

५ सप्टेंबर
आज मला माझीच बंदूक मिळाली नाही.

ड्वेन म्हणतो, एकदा दुकानदाराच्या वहीत चढली की ती परत घेताना मीसुद्धा गिऱ्हाईकच. कागद भरा, चौकशी करा. मी म्हटलं, “अरे, याच बंदुकीच्या आवाजाने तू पाळण्यात दचकायचास.” तरी नाही. बसले मग कागद भरायला. त्यात प्रश्न आहे, आपण फरारी आहात का? ड्वेन म्हणाला, “काकू, फरारी फक्त चर्चच्या बायकांच्या मंडळापासून.” हल्ली जात नाही मी. त्या निरोपाच्या पार्टीत केक कुठला आणायचा यावर बोलत बसतात. कुणाचा निरोप म्हणे?

मग पत्त्याशी गाडी अडली. काउंटीच्या कचेरीने मागे आमच्या रस्त्याचा नंबर बदलला, माझ्या लायसन्सवर जुनाच आहे. पत्ता जुळला नाही तर बंदूक नाही. क्रॅनमरसाहेब तिकडे अडकले पत्त्यावर, मी इकडे.

९ सप्टेंबर
काउंटीच्या मुख्य गावी जाऊन नवं लायसन्स काढलं. डोळ्यांची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. समोरच्या बाईने विचारलं, पत्ता हाच कायम ना? मी म्हटलं, हाच.

कर्ट चिडला. “आई, थोड्या दिवसांनी ओमाहाचा पत्ता घालावाच लागणार. तात्पुरतं काही करता आलं असतं.”

“कायद्यात तात्पुरतं नसतं,” मी म्हटलं.

त्यावर म्हणाला, “ज्याला जायचं नसतं त्याला रस्ता वाकडा.” लहानपणी शाळेला जाताना मीच त्याला हे ऐकवायची. आत्ता त्याचा काय संबंध, कळलं नाही. रस्ता काउंटीने बदललाय.

दुनळी घरी आली. तिच्या खुंटीवर ठेवली. भिंत आता बरी दिसते.

२० सप्टेंबर, रविवार
क्रॅनमरसाहेब दर रविवारी चर्चनंतर फोन करतात, कार्डाचं कुठवर आलं ते सांगायला. कार्डाचं दोन वाक्यांत संपतं. मग लाकडी बदकांचं चालतं, वाऱ्याचं चालतं. आज त्यांनी सांगितलं, मादी बदक कोरायला अवघड. नर नुसता रंगवला की झाला, मादीची मान जरा चुकली की खरी बदकं लांबूनच वळून जातात. मी म्हटलं, माणसांतही तसंच आहे. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. आल्याचा रस घ्या म्हटलं.

मग चाचरत म्हणाले, “लिंडक्विस्टबाई, एक अडचण आहे. कार्डाच्या अर्जावर दोन ओळखीची माणसं लागतात. नात्यातली चालत नाहीत. एक शेजारी दिला. दुसरं... माझ्या ओळखीचे बहुतेक जण टेकडीवर आहेत.”

“मग टेकडीवर जाऊन विचारा.”

“दफनभूमी आहे ती.”

मी म्हटलं, “माझं नाव घाला. पण मी तुम्हाला बघितलेलंसुद्धा नाही.”

“बघितलं असतंत तर नाव दिलं नसतंत,” म्हणाले.

२९ सप्टेंबर
तिथल्या पोलीस कचेरीतून फोन आला. माझ्याकडे ईमेल नाही म्हणून बिचाऱ्याला तोंडीच विचारावं लागलं. आवाजावरून पोरगेलासा वाटला.

“अर्जदाराला तुम्ही कसं ओळखता?”

“मी त्यांना बंदूक विकतेय.”

“म्हणजे विकणारी तुम्ही आणि हमी देणारीही तुम्हीच?”

“मग काय झालं? वाईट माणसाला मी मिल्टनची दुनळी देईन का?”

“ते दारू पितात?”

“कधी अडखळलेले ऐकले नाहीत. फक्त मादी बदकाबद्दल बोलताना.”

“स्वभाव रागीट?”

“दीड तासात माझं एक वाक्यही तोडत नाहीत. आमच्या मिल्टनला देवाने इतकी सगळी वर्षं दिली, त्याला ते जमलं नाही.”

मग मी त्याला रात्री पावाचे तुकडे दुधात घालून खाणाऱ्या एकट्या माणसाबद्दल जरा सविस्तर सांगितलं. पोरगं शेवटी म्हणालं, “मॅडम, माझ्या फॉर्मवर फक्त हो किंवा नाही आहे.”

“मग हो लिही.”

फोन ठेवल्यावर आरशासमोर उभी होते. केस कापायला झालेत.

८ ऑक्टोबर
हॉरेसचं कार्ड आलं. गुरुवारीच फोन केला त्यांनी, रविवारची वाट न बघता.

चला, सगळं जमलं. आता काही म्हणता काही अडचण नाही. कर्टला कळवलं, तो म्हणाला ‘शांत किनाऱ्या’ने दुसऱ्या मजल्यावरची खोली धरून ठेवलीय, खिडकीतून पार्किंग दिसतं. मी म्हटलं, छान. मग स्वयंपाकघराची फरशी घासली. वाळली तशी पुन्हा घासली. जेवण गेलं नाही, बहुधा दुपारच्या मक्यामुळे.

११ ऑक्टोबर, रविवार
हॉरेसना सांगितलं, उद्या दुनळी पोस्टात टाकते, आणि पोचली की मी ओमाहाला.

ते म्हणाले, “हो का.” मागे त्यांच्या खोपटाबाहेरचं पाणी ऐकू येत होतं.

“मग रविवारी फोन कुठे करू?”

मी म्हटलं, “कार्ड तर आलं. आता कशाला करायचा?”

“खरंय,” म्हणाले. “कार्ड आलं.”

नंतर खिडकीत बसले. उत्तरेकडची बदकं उतरायला लागलीत, तळं काळं झालंय. मिल्टन गेल्यापासून त्यांना कुणी त्रास दिलेला नाही, माजलीत नुसती. इथून गेल्यावर त्यांच्याकडे कोण बघणार, असं मनात आलं. रानटी पाखरं ती, त्यांच्याकडे बघायचं काय असतं? पण मला हुंदका फुटला. तीच गोष्ट लिहायची म्हणून आज वही उघडली. मला पार्किंग बघायचं नाही.

१२ ऑक्टोबर
खोकं घेऊन पोस्टात गेले. पोस्ट बंद. आज सरकारी सुट्टी. दर ऑक्टोबरात असते, जन्मभर पाळलीय, आणि तरी गेले. पायरीवर बसून घरून आणलेला डबा खाल्ला, भूक सपाटून लागली होती.

कर्टला कळवलं. तो म्हणाला, “आई, तू आता कशालाही हात लावू नकोस. शनिवारी मी येतो. बंदूक मी बांधतो, तुझं सामानही मीच बांधतो.”

१४ ऑक्टोबर
दुपारी सॅलचा फोन, तसाच ओरडत. “मॅडम! तो म्हातारा माझ्या दुकानात बसलाय, गिऱ्हाइकांना जागा नाही! त्याला बंदूक हवीय की नकोय, तेच त्याचं ठरेना!”

मागून हॉरेसचा आवाज, “मी तसं म्हटलं नव्हतं.”

“तसंच म्हटलं! म्हणतोय, बंदूक आली की फोन बंद!” सॅलने फोन टेबलावर आपटला बहुतेक. मग जरा हळू म्हणाला, म्हणजे माणसासारखा, “हे बघा मॅडम, परराज्यातल्या माणसाला थेट विकायची नाही, हा कायदा. पण शिकारीला आलेल्या पाहुण्याला चार दिवस उसनी द्यायला तोच कायदा आडवा येत नाही. त्याने तिकडे यायचं, तिकडचं शिकारीचं परमिट काढायचं, बदकं मारायची आणि बंदूक तुमच्या हातात परत देऊन निघायचं. तुमच्या त्या ड्वेनला विचारून घ्या. आणि याला घेऊन जा हो इथून!”

ड्वेनला लगेच विचारलं. या खेपेला मी काहीही राहू दिलं नाही. तो म्हणाला, सॅल बरोबर सांगतोय. मग हॉरेसना निघा म्हटलं आणि ड्वेनला त्याच्या दुकानावरची पाहुण्यांची खोली झाडून ठेवायला सांगितली. गावाला बोलायला निमित्त नको.

१६ ऑक्टोबर
हॉरेस आले. पिकअप ट्रकने, अर्धा देश कापून, मागे पोतंभर लाकडी बदकं. माणूस वाटला त्याहून बुटका आहे. कान मात्र मोठे. फोनवर इतकं ऐकत होते त्याचा उलगडा झाला.

फाटकाशी टोपी काढून उभे राहिले. “ऑर्फाबाई, मी बंदूक बघायला आलोय.”

“ती आत आहे,” मी म्हटलं. “तुम्ही फाटकाशी का उभे?”

केस कालच कापून घेतले होते. ते सहजच.

१७ ऑक्टोबर
कर्ट सकाळी रिकाम्या खोक्यांनी भरलेली गाडी घेऊन आला, तर स्वयंपाकघरात एक परका म्हातारा बदकं सोलत बसलेला. टेबलावर पिसं, दाराशी दुनळी, उघडून ठेवलेली. मी पिठाच्या हातांनी ओळख करून दिली.

“आई,” कर्ट म्हणाला, “बंदूक विकली की नाही?”

“उसनी दिलीय. कायद्याला धरून आहे, ड्वेनला विचार.”

“मग विकणार कधी?”

इतके दिवस मी काही ना काही सांगत आले होते. बीट, पत्ता, कार्ड, सुट्टी. आज तोंडाशी काहीच येईना. हॉरेस पिसांकडे बघत बसले, मदतीला आले नाहीत. तेच बरं केलं.

मी म्हटलं, “कर्ट, बंदूक विकायची नाही. आणि मला जायचंही नाही.”

मला वाटलं, आता आवाज चढेल. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, “हे एवढंच ऑगस्टमध्ये सांगितलं असतंस तर?”

“ऑगस्टमध्ये मला माहीत नव्हतं रे.”

“मला होतं,” कर्ट म्हणाला. “तुझ्याकडून ऐकायचं होतं.” मग डोळे पुसले, म्हणाला पिसांनी चुरचुरतंय. पायरीला कठडा बसवून घ्यायचा आणि रोज सकाळी त्याला फोन करायचा, या दोन अटी घातल्या. मी कबूल केल्या. खोकी त्याने स्वतःच फोडून शेगडीत घातली, बदक त्याच जाळावर भाजलं.

जेवताना त्याला काय सुचलं, हॉरेसना विचारतो, “बंदूक तर मिळत नाही. मग क्रॅनमरसाहेब, तुमची ही सगळी धावपळ फुकटच गेली म्हणायची?”

हॉरेसनी ताटातलं हाड नीट पुसून बाजूला ठेवलं. “तसं दिसतंय खरं. पुन्हा चालवायची झाली तर पुन्हा इथवर यावं लागणार.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी हॉरेसना आणखी एक बटाटा वाढला.

“मी काय करणार?” मी म्हटलं. “कायदाच तसा आहे.”